तीनच्या खाली

सहा पूर्णांक आठ.
सर्वेशने कागद फाडून हातात दिला,
डॉक्टर देतात तसा, नजर चुकवत.
"तीनच्या वर गेली की नापास, मॅडम. मशीन बोलतं, मी नाही."
कुडचड्याला पंपाच्या कडेची त्याची निळी टपरी,
आत एक संगणक, एक पंखा,
आणि माझ्या गाडीच्या बुडात अजून अडकलेली नळी.

गाडी बाबांची. शहाण्णवची मारुती,
रंग कधीकाळी पांढरा.
विकायला काढली तर तिची किंमत ऐकावी लागेल,
म्हणून ठेवली आहे.

सांतान मेस्ताने बॉनेट उघडून आधी नुसता वास घेतला.
मग फिल्टर काढून उंबऱ्यावर आपटला.
तांबडी धूळ, आपटेल तितकी.
खाणी थांबल्या, ट्रक गेले, ट्रकवाले गेले,
धूळ तेवढी अजून कामावर आहे.
"सापडला चोर," मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
नवा फिल्टर घालून पुन्हा सर्वेशकडे: पाच पूर्णांक नऊ.

तिन्ही प्लग काढले. काळे,
चुलीवरच्या टोपाचं बूड असावं तसे.
त्याने बोटावर काजळ घेतलं, चोळलं, मला दाखवलं.
"कोरडं आहे. तेलाचं नव्हे.
म्हणजे इंजिन म्हातारं नाही, खादाड झालंय.
कोणीतरी तिला भुकेपेक्षा जास्त वाढतंय."

मग कार्बोरेटर.
छोट्या पेचकसाने एक स्क्रू, पाव फेरा, अर्धा, एक,
आणि मान कलती करून ऐकणं,
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसं.
एक फेरा. दीड. दीडवर इंजिन जरा शहाण्यासारखं बोललं.

चार पूर्णांक एक.
सर्वेशने या खेपेला पैसे घेतले नाहीत,
ते मला नापास होण्यापेक्षा जास्त लागलं.

अकरा वाजून गेले. पाव घेऊन निघाले होते सातला.
आमच्या वाड्यावर चार घरं अशी,
जिथली मुलं पोर्तुगालचा पासपोर्ट काढून
लंडनच्या बाजूला कुठेतरी खोकी भरतात,
आणि मागे उरलेल्यांना पोदेराच्या हॉर्नपर्यंत
दारात पोचणं जमत नाही.
म्हणून उंडे, काकणां, थोडे पोळे, मी नेऊन देते.
एर्मेलिंदाबाई तर महिनाभर म्हणतायत,
"तुझ्या पावाला पंपाचा वास येतो."
वय झालं, मला वाटायचं.

गाडी आत घ्यायला सांतान पहिल्यांदाच सीटवर बसला,
त्याचा गुडघा पिशवीला लागला.
"बाय, हें कितें?"
"पाव."
"पाव कळलो. पूण हांगा कित्याक?"

चोकच्या मुठीला.
बाबा तिथेच अडकवायचे. दोघांचे पाव, चार उंडे.
मी चार घरांचे अडकवते,
मूठ रोज बोटभर बाहेर येते
आणि कोणी पाहत नाही,
मी तर समोर बसून पाहत नाही.

त्याने पिशवी उतरवून माझ्या मांडीवर ठेवली,
मूठ अंगठ्याने आत दाबली.
इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं.
तो हसला. "माझा दीड फेरा आता मलाच उलटा घ्यायला लागतो,"
म्हणत पुन्हा वाकला.

दोन पूर्णांक दोन.
सर्वेशने कागद फाडलाच नाही, कात्रीने कापला.

बिलात फिल्टर होता, तीन प्लग होते.
डाव्या दाराला ठोकलेला खिळा नव्हता,
जुना व्हॉल्व्ह वाकवून केलेला हूक, पिशवीसाठी.

दुसऱ्या दिवशी एर्मेलिंदाबाईंनी उंडा नाकाला लावला,
फिरवून परत लावला.
"आज कसलाच वास नाही," म्हणाल्या.
"कालचे उरलेले आणलेस की काय?"